दहावीला 81 टक्के पडले तरी घरचे म्हणायलेत आता बास. फी तर माफ आहे, मग अडतंय कुठं?

घरकुलातली_अक्का

नमस्कार. जरा मोठं लिहितेय पण पूर्ण वाचा आणि ज्यांना माहितीय त्यांनी सांगा. मी सोलापूरजवळ कुंभारीच्या विडी घरकुलात (विडी कामगारांची वसाहत) राहते, एमआयडीसीत युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात कामाला जाते. आमच्या समोरच्या घरातली मुलगी यंदा दहावी पास झाली, 81 टक्के, तेलुगू मीडियम, गणितात तर नव्वदच्या वर. लहानपणापासून माझ्याकडं येऊन बसते, मला अक्का म्हणते. तिला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करायचाय आणि हे कुणाचं ऐकून नाही, नववीत शाळेनं एक पॉलिटेक्निक बघायला नेलं होतं तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच आहे.

वडील टॉवेलच्या कारखान्यात लूमवर, आई विडी वळते, पाठची दोन भावंडं. घरचे म्हणायलेत दहावी झाली, लिहितावाचता आलं, बास. मला आधी वाटलं पैशाचं असेल म्हणून सांगायला गेले की मुलींना फी माफ केलीय सरकारनं. तर आई म्हणाली "फीचं कोण बोलायलंय?" आणि मग एकेक बाहेर आलं. पोरगी शाळेतून आली की आईशेजारी बसून पानं कापून द्यायची, विडीची तोंडं बंद करायची. आई एकटी बसली तर दिवसाला सातशे-आठशे होतात, पोरगी बसली की हजार पूर्ण होतात, आणि मजुरी हजाराच्या हिशोबानं. कॉलेज म्हणजे सकाळी जाणार ती संध्याकाळी येणार, मग ते वरचे दोन-तीनशे कोण वळणार? दुसरं म्हणजे घरकुलातून शेअर रिक्षा, ती सोडून पुढं दुसरी रिक्षा, थंडीच्या दिवसात घरी येईपर्यंत अंधार. तिसरं, भिवंडीचं एक स्थळ सांगून आलंय, नात्यातलंच, मुलगा लूमवरच आहे. पोरीला अजून सोळा पूर्ण व्हायचेत ओ! आई म्हणते लग्न आत्ता नाही, नुसता साखरपुडा करून ठेवू. आणि शेवटचं जे मला सगळ्यात लागलं ते म्हणजे पोरगी जास्त शिकली की तेवढा शिकलेला मुलगा बघावा लागतो आणि त्यांचं देणंघेणं आम्हाला झेपत नाही.

काय करावं सांगा. कागदपत्रं, स्कॉलरशिप, घरच्यांशी बोलायचं कसं, काहीही. अ‍ॅडमिशनचे दिवस चाललेत, हातात वेळ थोडा आहे.

---

सेतूवाला_सोलापूर

ताई, मी महा ई-सेवा केंद्र चालवतो, दर जून-जुलैत हेच बघतो, म्हणून कागदाचं मी सांगतो, घरच्यांचं इथले मोठे लोक सांगतील.

फीमाफी खरी आहे. 8 जुलै 2024 चा जीआर आहे, 2024-25 पासून लागू, घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखाच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ, पॉलिटेक्निक पण त्यात येतं. पण अट नीट ऐका, प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालेला पाहिजे. बाहेरून कुणी एजंट येऊन म्हणाला की मॅनेजमेंट कोट्यातून लगेच सीट देतो, नंतर फी माफ करून घेऊ, तर अजिबात ऐकू नका, त्याला माफी नाही. खाजगी सेल्फ फायनान्स युनिव्हर्सिटीला आणि खाजगी अभिमत विद्यापीठाला पण नाही. आणि माफ होते ती शिक्षणाची आणि परीक्षेची फी, रिक्षा, ड्रॉईंगचं साहित्य, युनिफॉर्म, पुस्तकं, हे घरच्यांनाच बघावं लागतं, ते आधीच सांगून ठेवा म्हणजे नंतर फसवलं असं वाटणार नाही.

दाखले: उत्पन्नाचा, डोमिसाईल, जातीचा, नॉन क्रिमिलेयर. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, खरी गाडी अडते ती जातीच्या दाखल्यावर. आजोबा पणजोबा तेलंगणातून आलेले, आणि ओबीसी, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) दोन्हीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा मागतात. चार पिढ्या सोलापुरात गेल्या तरी कागद नसतो कारण आजोबा शाळेतच गेलेले नसतात आणि आजीचं तर नावच कुठल्या रेकॉर्डला नसतं. अशा वेळी मुलाचा दाखला असेल तर बाप चार ऑफिसं पालथी घालतो, मुलीचा असेल तर "राहू दे, नाहीतरी कुठं शिकायचंय" म्हणून सोडून देतो, हे मी माझ्या काउंटरवर बघतो.

आणखी एक गोष्ट जी कुणी बोलत नाही. सगळीकडं ओटीपी लागतो आणि तो जातो वडिलांच्या मोबाईलवर, वडील असतात लूमवर, तिथल्या आवाजात फोन ऐकू येत नाही. पोरगी माझ्यासमोर फॉर्म भरून बसलेली असते आणि ओटीपी मिळत नाही म्हणून परत जाते, दुसऱ्या दिवशी यायचं तर घरनं सोडत नाहीत. म्हणून आधी आधारला आईचा नंबर लावून घ्या नाहीतर ज्या दिवशी वडिलांची सुट्टी असेल त्या दिवशी त्यांना घेऊनच या. बँक खातं पोरीच्या नावानं आणि आधारला जोडलेलं पाहिजे, नसेल तर स्कॉलरशिप मंजूर होऊनसुद्धा पैसे येत नाहीत.

आणि आईचं विडी कार्ड, म्हणजे विडी कामगाराचं ओळखपत्र, आहे का? असेल तर केंद्र सरकारच्या कामगार मंत्रालयाची विडी कामगारांच्या मुलांसाठी वेगळी स्कॉलरशिप आहे, पहिलीपासून 1000 रुपये ते मोठ्या व्यावसायिक कोर्सला 25000 पर्यंत, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर फॉर्म भरायचा. लय लोकांना माहीतच नाही.

---

घरकुलातली_अक्का

सेतूवाले दादा खूप आभार. विडी कार्डाचं विचारलं, तर आईचं स्वतःचं कार्डच नाही! सासूच्या कार्डावर काम करते, लग्न होऊन आली तेव्हापासून. पान, तंबाखू सगळं सासूच्या नावानं मिळतं आणि वळते ही. म्हणजे इतकी वर्षं काम करून कागदावर ती विडी कामगार नाहीच.

---

सेतूवाला_सोलापूर

हे घरोघरी आहे ताई. तिच्या नावाचं कार्ड काढायला लावा, युनियनच्या ऑफिसात विचारा, ते मदत करतात. यंदा स्कॉलरशिपला उपयोग होईल न होईल, पण पाठच्या दोघांना नक्की होईल, शिवाय पीएफचा पण प्रश्न आहे.

---

पूर्वभाग_बाई

मी पूर्व भागात हायस्कूलला गणित-विज्ञान शिकवायचे, आता रिटायर आहे. अक्का, तू जे लिहिलंयस ते वाचून मला माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली डोळ्यापुढं आल्या, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, त्या आईला वाईट ठरवू नकोस. तिचा हिशोब चुकीचा नाहीये, तिच्या हातात आज जे आहे त्याचा तो हिशोब आहे. हजाराला मिळणारी मजुरी आणि सातशेला मिळणारी मजुरी यातल्या फरकात त्या घराचं दूध नाहीतर लाइट बिल निघत असतं. सरकारनं फी माफ केली ती कॉलेजची, पोरगी घरातून उठली की जे रोज कमी पडणार आहे ते कुणी माफ केलेलं नाही. जोपर्यंत आपण हे मान्य करत नाही तोपर्यंत शिक्षणाचं महत्त्व सांगायला जाणाऱ्या माणसाचं कुणी ऐकत नाही, आणि बरोबरच आहे.

माझ्या वर्गात आठवीपर्यंत मुली बऱ्यापैकी नियमित यायच्या. नववीपासून गैरहजेरी वाढायची. आईची तब्येत बिघडली, पाठीचं दुखणं निघालं की मुलगी घरी, आई पडली म्हणजे विडी मुलीनं वळायची. सणाच्या आधी, लग्नसराईत, घरी पाहुणे आले तरी मुलगीच घरी. त्याच घरातला भाऊ मात्र शाळेत. शिक्षण हक्क कायदा 2010 पासून लागू आहे पण तो 6 ते 14 वयाचा, आठवीपर्यंतचा. नववीत मुलगी यायची थांबली तर शाळा एकदोनदा निरोप पाठवते आणि मग पटावरचं नाव नुसतं राहून जातं. माझं ठाम मत आहे की आपल्याकडं मुली शाळा सोडत नाहीत, त्यांना एकेक दिवस करून घरी ठेवून घेतलं जातं, आणि एक दिवस मुलगीच म्हणते मला काही येत नाही, मी जात नाही. मग घरचे म्हणतात तिलाच शिकायचं नव्हतं. तुझी मुलगी यातून 81 टक्के घेऊन बाहेर पडलीय, त्याचा अर्थ लक्षात घे, दुपारभर पानं कापून रात्री अभ्यास केलाय तिनं.

दुसरं, मीडियमचं. तेलुगू मीडियमची मुलं दहावीनंतर इंग्रजीत पडतात आणि पहिले तीन-चार महिने त्यांना वर्गात काय चाललंय ते कळत नाही. विषय येत असतो, शब्द येत नाहीत. मुलगे बाहेर मित्रांना विचारून, इकडंतिकडं फिरून भागवून घेतात, मुली गप्प बसतात, पहिल्या परीक्षेत दोन विषय राहिले की घरचे म्हणतात बघा, आम्ही सांगत होतो. हे होणारच आहे असं धरून चल आणि आत्तापासून तयारी करून घे. अ‍ॅडमिशन व्हायच्या आधीच गणित-विज्ञानातले इंग्रजी शब्द वहीत तेलुगूत अर्थ लिहून काढायला सांग. मी करून घेईन, फोनवर पण चालेल.

घरी बोलायचं ते आईशी बोल, वडिलांशी नंतर. आणि तीन वर्षांचा शब्द मागू नकोस, कुणीच देत नाही. एका वर्षाचा माग. संध्याकाळी आल्यावर तासभर आणि सुट्टीच्या दिवशी ती आईला हात लावेल असं मुलीकडून कबूल करून घे. मला हे लिहिताना आवडत नाहीये, कारण मुलीनं दिवसभर शिकून परत विडीला बसावं हे कुठल्याही शिक्षिकेला पटणार नाही, पण दार पूर्ण बंद होण्यापेक्षा हे बरं. घरकुलात त्याच बाजूला जाणाऱ्या अजून दोघीतिघी शोध. चौघी एकत्र निघाल्या की रिक्षाचा आणि अंधाराचा प्रश्न निम्मा होतो, एकटी मुलगी पाठवायला घाबरणारे आईबाप घोळक्यात पाठवतात.

---

वळसंगकडचा

मी अक्कलकोट रस्त्याच्या एका गावातला, माझी मुलगी बारावीला आहे, सोलापूरला जाऊन येऊन करते. अंधाराचं बाईंनी लिहिलं त्यावर बोलतो. शहरातली माणसं म्हणतात की गावाकडच्या लोकांची मानसिकता नाही. मानसिकता आहे हो, एसटी नाही. आमच्याकडं ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे, चांगली योजना आहे, पास खिशात आहे. पण कॉलेज सुटल्यावरची गाडी आली तर भरून येते, स्टॉपवर पन्नास पोरंपोरी बघून ड्रायव्हर थांबवतच नाही, पुढची गाडी दीड तासानं. त्या दीड तासात स्टॉपवर मोटरसायकली घेऊन कोण घिरट्या घालतं ते मी स्वतः जाऊन बघितलंय. एका वर्षी आमच्या गावच्या दोन पोरींचं कॉलेज एवढ्याच कारणानं सुटलं. कुणी हात लावला नाही, काही नाही, नुसता गावात विषय झाला की अमकीच्या मागं कोणतरी गाडी घेऊन येतंय. पंधरा दिवसात पोरगी घरी आणि मे महिन्यात लग्न.

आम्ही काय केलं ते सांगतो, कुणाच्या कामी आलं तर बघा. सगळ्या पालकांनी मिळून ग्रामपंचायतीचा ठराव घेतला, कॉलेज कितीला सुटतं, स्टॉपवर किती विद्यार्थी असतात, त्यात मुली किती, असं सगळं लिहून कॉलेजच्या सहीशिक्क्यासकट डेपोत दिलं. एकट्यानं तोंडी सांगून काही होत नाही, कागद लागतो आणि पाठपुरावा लागतो. गाडीची वेळ बदलून मिळाली. स्टॉपवरच्या पोरांचं आम्ही पोलिसांच्या दामिनी पथकाला कळवलं, ते येऊन गेले, फरक पडला. तरी माझी मुलगी यायच्या वेळेला मी स्टॉपवर असतो, रान सोडून येतो. सगळ्यांना जमत नाही, लूमवरच्या माणसाला तर नाहीच जमणार.

---

मोहोळची_सून

वळसंगकडचे दादा तुमच्याबद्दल आदर आहे, तुम्ही स्टॉपवर जाऊन उभे राहता. पण एक विचारते, घिरट्या घालतात ती पोरं आणि घरी बसतात त्या पोरी, हे आपण किती दिवस चालवून घ्यायचं? त्या मोटरसायकलवाल्यांची पण नावं गावाला माहीत असतात ना? त्यांच्या घरी कुणी गेलं का सांगायला? मुलीच्या घरी मात्र सगळं गाव सांगायला येतं.

माझं लग्न सतराव्या वर्षी झालं, दहावी झाली होती. अकरावीला नाव घातलेलं, कॉलेज सहा किलोमीटर, सायकल भावाला घेतली कारण तो मुलगा. पुढं दोन मुलं झाली, शेतात मजुरी केली. मग गावात अंगणवाडी मदतनीसाची जागा निघाली, मी अर्ज घेऊन गेले तर सांगितलं आता बारावी पास लागते. 2023 पासून सेविका आणि मदतनीस दोन्हीला किमान बारावी केलीय. घराशेजारची नोकरी, आणि दोन इयत्तांवरनं हातची गेली. त्या दिवशी ठरवलं. 17 नंबरचा फॉर्म (बाहेरून परीक्षेला बसायचा) भरून बारावी केली, सासूबाईंनी मुलं सांभाळली म्हणून झालं. आता यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बीए चालू आहे, दुसऱ्या वर्षाला आहे.

हे मी अशासाठी सांगते की इथं कुणीतरी नक्की म्हणेल की लग्नानंतर पण शिकता येतं, 17 नंबर आहे, मुक्त विद्यापीठ आहे. येतं. पाचवी पास आणि 14 पूर्ण असतील तर दहावीला पण बाहेरून बसता येतं. ज्यांचं सुटलंय त्यांनी जरूर करावं, मी फॉर्म भरायला मदत करते. पण सोळाव्या वर्षी जी मुलगी कॉलेजला जाऊ शकते तिला नंतर कर म्हणून सांगू नका. रात्री भांडी घासून झाल्यावर पुस्तक उघडायचं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत, आणि माझ्याबरोबर फॉर्म भरलेल्या बायकांपैकी निम्म्या परीक्षेलाच आल्या नाहीत. कुणाचं बाळंतपण, कुणाच्या घरी ऊस तोडायला जायचं, कुणाला नवऱ्यानं हॉल तिकीटच आणू दिलं नाही.

---

कायद्याचं_बोला

सगळे प्रेमानं समजावून सांगा म्हणतायत पण मुलगी सोळाची पण नाही आणि साखरपुडा ठरतोय हे कुणाला दिसत नाही का? बालविवाह प्रतिबंधक कायदा 2006 चा आहे, मुलगी 18 च्या आत असेल तर लग्न लावणारे आईबाप, भटजी, कार्यालयवाला, सगळे अडकतात, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, शहरात बालविकास प्रकल्प अधिकारी. 1098 ला, चाइल्ड हेल्पलाइनला, फोन करा, फोन करणाऱ्याचं नाव सांगत नाहीत.

आपला जिल्हा काय लहानसहान नाहीये यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, 2019-21 ची, त्यात 20 ते 24 वयाच्या बायकांमध्ये 18 च्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात 21.9 टक्के आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यात 40 टक्क्यांच्या आसपास! परभणी, बीडच्या रांगेत आहोत आपण. पंढरपूर, सिद्धेश्वर, विद्यापीठ सगळं आपल्याकडं आहे आणि हे पण आपल्याकडंच आहे. लाज वाटायला पाहिजे.

---

घरकुलातली_अक्का

तुमचं बरोबर आहे पण मला त्याच गल्लीत राहायचंय. मी फोन केला हे कळलं तर त्या घराचं दार मला बंद होईल आणि पोरगी एकटी पडेल. साखरपुडा म्हणजे लग्न नाही असं ते म्हणतात, मग तिथं कायदा काय करणार?

---

पूर्वभाग_बाई

कायद्याचं बोलणाऱ्यांचा राग मला समजतो आणि आकडा त्यांनी दिला ते बरं केलं. तारीख ठरली, कार्यालय बघायला लागले तर अक्का, मागंपुढं बघू नकोस, 1098 ला फोन कर, तेव्हा गल्लीचा विचार करायचा नाही. पण आत्ता ती वेळ आलेली नाही, आत्ता कायदा वेगळ्या पद्धतीनं वापर.

मी शाळेत असताना बघितलंय की पुष्कळ वडिलांना मनातून लग्न नको असतं, पण नात्यातलं स्थळ असतं, थोरल्या भावानं नाहीतर मेहुण्यानं आणलेलं असतं, नाही म्हणायला तोंड होत नाही. अशा माणसाला कायदा म्हणजे नाही म्हणायचं कारण मिळतं. "आम्हाला करायचं होतं ओ, पण आता लय कडक केलंय, भटजी पण आधार कार्ड बघितल्याशिवाय उभा राहत नाही, आम्ही आत जाऊ," असं भिवंडीवाल्यांना सांगता येतं, नातं पण तुटत नाही. हे वाक्य तू वडिलांच्या हातात दे. साखरपुड्यावर कायद्याची सरळ पकड नाही हे खरं, पण साखरपुडा झाला की मुलीचं कॉलेज सासरच्यांना विचारून ठरतं, म्हणून तो पण पुढं ढकलायला सांग. 18 पर्यंत कुणाला शब्द द्यायचा नाही, एवढंच धरून बस.

आणि देण्याघेण्याचं जे आई म्हणाली त्यावर मी गोड बोलणार नाही. आपल्या समाजात शिकलेल्या मुलीचा हुंडा वाढतो ही खरी गोष्ट आहे आणि ती फार वाईट आहे. पण न शिकलेल्या मुलीचा हुंडा कमी होतो आणि मग आयुष्यभर ती दुसऱ्याच्या कार्डावर विड्या वळते, हे पण त्या आईनंच भोगलंय. तिला विचार, तुझं स्वतःचं कार्ड का झालं नाही गं? बाकी काही बोलू नकोस, उत्तर तीच देईल.

---

घरकुलातली_अक्का

बाई, काल संध्याकाळी गेले होते. आईशीच बोलले, विडीच्या सुपापाशी बसूनच. कार्डाचं विचारलं तर बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली सासू म्हणायची कशाला दोन दोन कार्डं. एक वर्षाचं बोलले. तेव्हा तिनं मला सरळ विचारलं, डिप्लोमा झाल्यावर पोरीला पगार किती मिळणार? सोलापुरात मिळेल का पुण्याला पाठवावी लागेल? मला उत्तर देता आलं नाही. खोटं सांगायचं नव्हतं.

घरकुलात अजून दोघी सापडल्या, एक अकरावी सायन्सला जाणार आहे आणि एकीला आयटीआय करायचंय, रस्ता बराचसा एकच आहे. त्यांच्या आयांना पण एकमेकींची नावं सांगितली तर दोघी जरा मऊ झाल्या.

---

वळसंगकडचा

पगाराचं खोटं सांगू नका हे बरं केलंत. सोलापुरात कॉम्प्युटरच्या नोकऱ्या कमीच आहेत, चांगल्या पगारासाठी पुण्याला जावं लागतं हे सगळ्यांना दिसतंय, अर्धा जिल्हा पुण्यात आहे. पण आईला हे सांगा की डिप्लोमावर थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि नाही गेली तरी बँका, दवाखाने, शाळा, कारखान्याची ऑफिसं सगळीकडं कॉम्प्युटरचं काम आहे, सावलीत बसून आहे. पगार सुरुवातीला थोडाच असेल. विडीपेक्षा नक्की जास्त असेल आणि पाठ मोडणार नाही.

---

मोहोळची_सून

आयटीआय करायचंय त्या मुलीला सांगा की शासकीय आयटीआयमध्ये मुलींना 30 टक्के जागा राखीव आहेत, नुसतं शिवणकाम आणि ब्युटी पार्लरवर जाऊ नको, इलेक्ट्रिशियन, कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा कोर्स) सगळं बघ. तिथं मुली अर्ज करत नाहीत म्हणून जागा रिकाम्या राहतात.

अकरावीवालीचं पण बघा, 2025-26 पासून अकरावी सगळ्या राज्यात ऑनलाइन झालीय, दहा कॉलेजपर्यंत पसंतीक्रम टाकता येतो. घरच्यांना कळत नाही म्हणून कॅफेवाला मनानंच कॉलेज टाकतो आणि लागतं कुठंतरी लांबचं, मग लांब आहे म्हणून मुलीला पाठवत नाहीत. माझ्या पुतणीचं असंच झालं होतं, दुसऱ्या फेरीत दुरुस्त केलं. जाता येतील तीच कॉलेजं टाका, मुलीला समोर बसवून.

---

घरकुलातली_अक्का

तिघींची मिळून यादी करतेय, कोण किती वाजता निघणार, कुठली रिक्षा. वडिलांशी पण बोलणं झालं, बाईंनी सांगितलं तसंच. त्यांनी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही, म्हणाले भिवंडीला मी फोन करतो, आणि विचारलं की कागद काय काय लागतात. सेतूवाले दादा, उत्पन्नाचा आणि डोमिसाईलचं होईल, जातीच्या दाखल्याला मात्र तुम्ही म्हणालात तसंच अडलंय, आजोबांचा शाळेचा दाखला घरात नाही. आजोबा वारलेत. आजी म्हणते ते लहानपणी दोन-तीन वर्षं शाळेत गेले होते.

---

सेतूवाला_सोलापूर

दोन-तीन वर्षं गेले असले तरी काम होतं! शाळा कुठली ते आजीला विचारा, महापालिकेची तेलुगू शाळा असेल तर जुनी जनरल रजिस्टरं मिळतात, तिथून निर्गम उतारा (रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल) काढायचा, त्यात जात आणि जन्मतारीख दोन्ही असतं. शाळा बंद झाली असेल किंवा दुसऱ्या शाळेत मिळवली असेल तर रजिस्टर कुठं गेलं ते महापालिकेच्या शिक्षण मंडळाच्या ऑफिसात सांगतील. तिथं नाही सापडलं तर आजोबांच्या सख्ख्या भावाचा, चुलत्याचा दाखला चालतो, वंशावळ जोडून. ते गिरणीत कामाला होते का ते पण विचारून ठेवा, जुन्या गिरणी कामगारांच्या काही घरात पास, पीएफचे कागद ट्रंकेत असतात, 1967 च्या आधीचा सोलापूरचा पत्ता दाखवायला ते उपयोगी पडतात.

कॅपचा फॉर्म त्यासाठी थांबवू नका, तो आधी भरून टाका, नाहीतर तारीख निघून जाईल. दाखल्याला अर्ज केल्याची पावती घेऊन ठेवा. वडिलांना त्यांच्या सुट्टीच्या दिवशी घेऊन या, मोबाईल चार्ज करून. आणि पोरीला सोबत आणा, फॉर्म तिच्या हातानं भरू दे.